दिवाणी दाव्याची वाटचाल : डॉक्टरांसाठी एक परिचय

डॉक्टरांच्या स्मरणिकेत वकिलाने लिहावे, ही सूचना संपादक मंडळाची. विषय मात्र मी निवडला. आजवर डॉक्टर मंडळींसमोर मी जी काही व्याख्याने दिली, त्या प्रत्येक वेळी शेवटी पहिला प्रश्न एकच आला, ‘अटक होऊ शकते का?’ कोर्ट म्हटले की पोलीस, जामीन आणि पिंजरा हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात डॉक्टराच्या आयुष्यात न्यायालय शिरते ते बहुधा दिवाणी दाराने. दवाखान्याच्या जागेचे भाडे, चौघांनी मिळून उभारलेल्या रुग्णालयाची मोडलेली भागीदारी, वडिलार्जित घराची वाटणी, वृद्ध रुग्णाच्या मृत्युपत्रावर सद्‌भावनेने केलेली सही आणि अर्थातच उपचारातील कथित हयगयीबद्दल मागितलेली नुकसानभरपाई, हे सारे विषय दिवाणी आहेत. या दाराची रचना ठाऊक नसल्यामुळे सज्जन माणसाचे जे नुकसान होते ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा परिचय. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतो तितकेच येथे सांगणार आहे, फक्त उदाहरणे वैद्यकीय घेणार आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘दिवाणी’ आणि ‘फौजदारी’ ही मुसलमानी अमदानीतील दोन अधिकाऱ्यांची नावे आपल्या भाषेत मुरलेली आहेत. दिवाणाकडे महसूल व मालमत्तेचे तंटे, फौजदाराकडे गुन्हे. फौजदारी प्रकरणात शासन आरोपीविरुद्ध उभे असते आणि शेवटी शिक्षा होते. दिवाणी प्रकरणात एक नागरिक दुसऱ्याविरुद्ध आपला हक्क सांगतो आणि शेवटी हुकूमनामा होतो. पहिल्याला खटला म्हणावे, दुसऱ्याला दावा. वृत्तपत्रे ‘नुकसानभरपाईचा खटला’ असे सर्रास लिहितात, ते सोडून द्यावे. आपल्या बेळगावात न्यायालयाचे कामकाज कन्नड व इंग्रजीत चालत असले तरी मराठी पक्षकाराने बिचकण्याचे कारण नाही. वादी आणि प्रतिवादी हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत आणि दाव्याला तेथे ‘दावे’ म्हणतात. आजोबांच्या पेटीतील जुने कोर्टाचे कागद वाचणाऱ्याला हे नाते चटकन कळेल.

या सर्व कामकाजाचा पाया म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. ती १ जानेवारी १९०९ पासून अमलात आली. त्यापूर्वीची पहिली संहिता १८५९ सालची. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा हे तिन्ही जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी नवे आले. दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र १९०८ चीच चालू आहे. १९७६, १९९९ आणि २००२ साली तिच्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या एवढेच. संहितेचे दोन भाग आहेत. पहिल्यात १५८ कलमे आहेत, त्यांत न्यायालयांचे अधिकार व मूलतत्त्वे सांगितली आहेत. दुसऱ्या भागात ५१ ‘आदेश’ आहेत आणि त्यांत रोजच्या कामकाजाचे नियम आहेत. कलमे बदलायची तर विधिमंडळ हवे. आदेशातील नियम मात्र प्रत्येक उच्च न्यायालय आपल्या प्रदेशापुरते बदलू शकते. त्यामुळे कोल्हापूरच्या वकील मित्राने सांगितलेली बारीकसारीक गोष्ट बेळगावात तंतोतंत लागू पडेलच असे नाही.

न्यायालयांची उतरंड साधी आहे. तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, म्हणजे ज्यांना पूर्वी मुन्सफ म्हणत, त्यांच्यावर वरिष्ठ दिवाणी न्यायाधीश, मग जिल्हा न्यायाधीश आणि त्यापुढे उच्च न्यायालय. दावा कोठे लावायचा हे मागणीच्या रकमेवरून आणि वादाचे कारण किंवा मालमत्ता कोठे आहे यावरून ठरते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी येथील अपिले मुंबई उच्च न्यायालयात जात. त्यानंतर बंगळूरला जाऊ लागली. २००८ साली धारवाडला फिरते खंडपीठ आले, २०१३ साली ते कायम झाले आणि पक्षकारांची एक रात्रीची गाडी वाचली. याखेरीज राज्याराज्यांतील किंवा केंद्र व राज्य यांच्यातील तंट्यांसाठी घटनेच्या १३१ व्या कलमान्वये दावा थेट सर्वोच्च न्यायालयातच लावता येतो. महाराष्ट्राने २००४ साली लावलेला सीमाप्रश्नाचा दावा हा अशांपैकीच. त्यातही वादपत्र, कैफियत, मुद्दे आणि साक्षी ही पायरी चुकलेली नाही. दोन राज्यांचा तंटा असो की दोन भावांचा, दाव्याचा सांगाडा एकच असतो.

हा सांगाडा समजावून घेण्यासाठी एक खरा दावा समोर ठेवू. वैद्यकीय हयगयीविषयी भारतात जे निवाडे वारंवार उद्धृत होतात त्यांपैकी एक म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. ग्राहक संरक्षण कायद्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, हा शुद्ध दिवाणी दावा होता. हकिकत अशी. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या आसपासच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड अपघाताने मोडले. गावातील डॉक्टरांनी पाय लाकडी फळ्यांनी बांधला. तीन दिवसांनी वडिलांनी त्याला मोटारीने सुमारे दोनशे मैलांवरच्या पुण्याला नेले. तेथे शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात मॉर्फिया देऊन पाय प्लास्टरमध्ये घालण्यात आला. त्याच रात्री तो मुलगा दगावला. मृत्यूच्या दाखल्यावर ‘फॅट एम्बॉलिझम’ हे कारण लिहिले गेले. आईवडिलांचे म्हणणे असे की, भूल न देता, माणसे लावून, जोराने पाय ओढून हाड बसवले गेले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. डॉक्टरांचे म्हणणे असे की, त्या दिवशी हाड बसवण्याचा प्रयत्नच केला नव्हता, केवळ हलका ताण देऊन पाय स्थिर केला होता. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे अगदी स्वच्छ दिसत होते, आणि खोलीत काय घडले हे न्यायाधीशाने पाहिलेले नव्हते. त्याला ते कसे ठरवता येईल, या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे दिवाणी प्रक्रिया.

पहिला कागद वादपत्र. त्यात वादीने वस्तुस्थिती लिहायची असते, पुरावा नाही आणि कायद्याचा कीसही नाही. कोण, केव्हा, कोठे, काय केले, त्यामुळे आपला कोणता हक्क दुखावला, दाव्याचे कारण कोणत्या तारखेस घडले आणि आपण काय मागतो, एवढेच. सोबत आपल्याजवळचे कागद जोडायचे, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची. मुदतही पाहावी लागते. पैशाच्या बहुतेक दाव्यांना मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत, स्थावराच्या ताब्याच्या दाव्याला बारा. मुदत टळलेला दावा प्रतिवादीने तशी हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने काढूनच टाकायचा असतो. प्रतिवादी सरकार असेल, म्हणजे उदाहरणार्थ सरकारी रुग्णालयातील कामाबद्दल राज्यावर दावा करायचा असेल, तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

वादपत्र नोंदले गेले की प्रतिवादीला समन्स निघते. येथे थोडे थांबतो, कारण माझ्या अनुभवात डॉक्टरांचे सर्वांत मोठे नुकसान याच वळणावर होते. एका डॉक्टरांकडे भर ओपीडीत बेलीफ आला. रुग्णांसमोर शोभा नको म्हणून त्यांनी कागद घेतला, सही केली आणि टेबलाच्या खणात टाकला. मागणी पाहून त्यांना हसू आले होते. ‘असल्या दाव्यात तथ्य काय, जज्जच फेकून देतील,’ असे त्यांनी पत्नीला सांगितले. माझ्याकडे आले तेव्हा एकतर्फी हुकूमनामा होऊन त्याच्या बजावणीची नोटीस हाती पडलेली होती. न्यायाधीश फेकून का देत नाहीत, याचे उत्तर साधे आहे. न्यायाधीश स्वतः चौकशीला निघत नाही. वादीने शपथेवर सांगितले आणि समोरून कोणी काहीच बोलले नाही, तर त्याच्यापुढे एकच बाजू असते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज हवा आणि समन्स नीट बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते हे दाखवावे लागते. ‘मला तो दावा हास्यास्पद वाटला’ हे पुरेसे कारण होत नाही. समन्स घ्यायलाच नकार देणे त्याहून वाईट. नाकारलेले समन्स बजावले गेले असेच धरतात.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी जबाब दाखल करावा असा नियम आहे. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. सर्वसाधारण दाव्यांत त्यापलीकडेही अपवाद म्हणून सवलत मिळू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. कैफियत हा माझ्या मते दाव्यातील सर्वांत मोलाचा कागद आणि डॉक्टर नेमका त्यालाच सर्वांत कमी वेळ देतात. वकिलाला फोनवर हकिकत सांगतात, मसुदा न वाचता सही करतात. नियम असा की, वादपत्रातील प्रत्येक विधानाला स्वतंत्रपणे व स्पष्टपणे उत्तर द्यायचे. जे विधान स्पष्टपणे नाकारलेले नाही ते कबूल आहे असे न्यायालय धरू शकते. ‘वादपत्रातील सर्व मजकूर खोटा व लबाडीचा आहे’ या एका वाक्याने काहीच नाकारले जात नाही. ‘रुग्णास रात्री आठ वाजता धाप लागली व डॉक्टर दहापर्यंत आले नाहीत’ असे वादी म्हणत असेल, तर धाप लागली की नाही, किती वाजता लागली, आपण किती वाजता पोहोचलो, ही तिन्ही उत्तरे वेगवेगळी द्यायला हवीत.

दुसरा नियम याहून कठोर. जे कैफियतीत नाही त्याचा पुरावा पुढे देता येत नाही. साक्षीच्या वेळी डॉक्टरांना अचानक आठवते की नातेवाइकांनी मोठ्या रुग्णालयात हलवण्यास नकार दिला होता. खरेच दिला असेल. पण कैफियतीत तो नसेल तर समोरचे वकील उठून उभे राहतात, आणि त्यांची हरकत योग्य असते. कैफियत दुरुस्त करून घेता येते, मात्र पुरावा सुरू झाल्यानंतर तशी परवानगी मिळणे अवघड. आपण काय केले हे डॉक्टरांना आधी कळवायचे, मग त्यावर वादीला साक्षीदार तपासू द्यायचा, हा न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. वादीलाही नवी कहाणी मधूनच आणता येत नाही. वर सांगितलेल्या पुण्याच्या दाव्यात ‘हाड बसवले’ विरुद्ध ‘केवळ स्थिर केले’ ही रेषा इतकी स्पष्ट आखली गेली आणि पुढची पंधरा वर्षे वाद त्याच रेषेवर चालला, त्याचे कारण हेच.

वादपत्र व कैफियत समोरासमोर ठेवून न्यायालय मुद्दे काढते. एक बाजू ‘होय’ म्हणते आणि दुसरी ‘नाही’ म्हणते, अशा प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीचा एक मुद्दा. प्रत्येक मुद्द्यापुढे तो सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर हे ठरते. हयगय सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. मात्र तो फौजदारी खटल्याइतका जड नसतो. तेथे वाजवी शंकेपलीकडे सिद्धता हवी, येथे संभवनीयतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहतात. एकाच घटनेत फौजदारी न्यायालयाने निर्दोष सोडलेला डॉक्टर दिवाणी न्यायालयात भरपाईस पात्र ठरू शकतो तो यामुळे. याच टप्प्यावर न्यायालय प्रकरण मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीकडे पाठवू शकते. भागीदारीच्या आणि भावाभावांच्या दाव्यांत मी ही वाट मनापासून सुचवतो. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नाही, ही एकच गोष्ट सही करण्यापूर्वी ध्यानात ठेवावी.

मग पुरावा. पक्षकाराची सरतपासणी आता प्रतिज्ञापत्रावर होते. न्यायाधीशांसमोर प्रत्यक्ष उभे राहायचे ते उलटतपासणीला. उलटतपासणीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, पण डॉक्टर ज्या गोष्टीला भितात ती खरी भीतीची नव्हे. चढ्या आवाजात प्रश्न विचारणारा वकील फारसे बिघडवत नाही. शांतपणे केसपेपर हातात देऊन ‘ही नोंद किती वाजता केली ते यावर कोठे आहे, दाखवता का?’ असे विचारणारा वकील बिघडवतो. वेळ नसलेली नोंद, दोन वेगळ्या शाईंतली नोंद, खाडाखोड करून वर न केलेली सही, नर्सच्या तक्त्यात एक नाडी आणि डॉक्टरच्या कागदात दुसरी, यांतून जी उत्तरे निघतात ती पुढे युक्तिवादात परत येतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात आणि रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. दावा किंवा नोटीस आली असेल तर तीन वर्षांचा हिशेब न करता कागद तसेच ठेवावेत. न दिलेला कागद आपल्या विरुद्धच बोलला असता, असे अनुमान न्यायालय काढू शकते. आणि नोटीस आल्यानंतर जुन्या कागदावर एक अक्षरही वाढवू नये, ते अक्षर खरे असले तरी.

डॉक्टर पक्षकार नसतानाही साक्षीला बोलावले जातात, हे दिवाणी बाजूला फार होते. त्यातील नेहमीचा प्रसंग मृत्युपत्राचा. अंथरुणाला खिळलेले आजोबा, कुटुंबाचे डॉक्टर, ‘एवढी सही करा’ अशी विनंती. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांनी सही केलेली असावी लागते आणि वाद झाल्यास त्यांपैकी हयात व हजर होऊ शकणाऱ्या किमान एकाने न्यायालयात येऊन ते शाबीत करावे लागते. ‘मृत्युपत्र करणारा शुद्धीवर व सुस्थितीत आहे’ असा डॉक्टरचा छापील शिक्का या कामी पुरत नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार यांच्या प्रकरणात सांगितले की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर असतो. मग दहा वर्षांनी डॉक्टरांना प्रश्न येतात. तुम्ही त्यांना त्या दिवशी तपासले का? कोणती औषधे चालू होती? झोपेचे होते का? ते तुमच्याशी काय बोलले? सही त्यांनी तुमच्या देखत केली का, आणि तुम्ही त्यांच्या देखत? सही करायचीच असेल तर त्याच दिवशी आपल्या केसपेपरवर तपासणी लिहून ठेवावी. नोंद पाहून स्मरण ताजे करण्याची मुभा कायदा साक्षीदाराला देतो. नोंदच नसेल तर पाहणार काय? रुग्णाने सांगितलेली गोष्ट न्यायालयात सांगणार नाही, असा हक्क डॉक्टरला नाही हेही सांगून ठेवतो. आपल्या कायद्याने ते संरक्षण वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला दिले आहे. न्यायाधीशांनी विचारल्यावर डॉक्टरांनी उत्तर द्यायचे असते. खूप वृद्ध किंवा आजारी साक्षीदाराची साक्ष घरी जाऊन नोंदवण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते. आपल्यापैकी ज्येष्ठांनी ही सवलत संकोच न करता मागावी.

युक्तिवाद झाला की निकालपत्र आणि त्यावरून हुकूमनामा. पुण्याच्या त्या दाव्यात दिवाणी न्यायालयाने आईवडिलांची बाजू ग्राह्य धरून तीन हजार रुपये भरपाई दिली. डॉक्टर अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेथेही तोच निष्कर्ष निघाला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ मे १९६८ रोजी अपील फेटाळले गेले. मुलाच्या मृत्यूला तोवर पंधरा वर्षे होत आली होती. तीन हजारांसाठी कोणी इतके लढत नाही. एका बाजूला मुलगा गेलेला होता आणि दुसऱ्या बाजूला नाव. निवाड्यात न्यायालयाने जे सांगितले ते आजही दर वैद्यकीय दाव्यात वाचले जाते. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टरवर वाजवी काळजीचे कर्तव्य असते. कौशल्याची पराकाष्ठा कायदा मागत नाही, पण अगदीच खालची पातळीही चालवून घेत नाही.

अपिलांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. वरच्या न्यायालयात सारे पुन्हा पहिल्यापासून होईल, अशी अनेकांची कल्पना असते. पहिल्या अपिलात पुराव्याचा फेरविचार होतो हे खरे, पण तो खाली नोंदलेल्याच पुराव्याचा. नवा साक्षीदार, नवा कागद अपवादानेच येतो. दुसरे अपील तर १९७६ च्या दुरुस्तीपासून केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच ऐकले जाते. दोन्ही न्यायालयांनी एकमताने ठरवलेल्या वस्तुस्थितीत सर्वोच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. याचा अर्थ, खरी लढाई तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या त्या पंखे करकरणाऱ्या दालनात होते. मोठा वकील दिल्लीत करण्यापेक्षा चांगला वकील गावात करावा, असे मी पक्षकारांना सांगतो. यात माझा स्वार्थ आहे असे कोणी म्हटल्यास नाकारणार नाही.

दिरंगाईबद्दल आम्ही वकील बदनाम आहोत आणि काही अंशी रास्तच. पण सर्वच तारखा लबाडीच्या नसतात. समन्स बजावणे, कागद दाखल करू देणे, उलटतपासणीची संधी देणे, हे टप्पे गाळून लवकर निकाल देता येईल. ज्याच्याविरुद्ध तो निकाल लागेल त्याला मात्र तो पटणार नाही. ज्या तारखा विनाकारण मागितल्या जातात त्यांच्यावर संहितेत खर्चाचा बडगा आहे. तो पुरेसा वापरला जात नाही, असे माझे मत आहे. तातडीच्या गोष्टींसाठी तात्पुरता मनाई हुकूम मिळतो. भागीदाराने रुग्णालयाला कुलूप लावले तर निकालापर्यंत थांबावे लागत नाही. प्रथमदर्शनी बाजू खरी दिसते का, हुकूम न दिल्यास जास्त गैरसोय कोणाची आणि न भरून येणारे नुकसान होईल का, हे तीन प्रश्न न्यायालय विचारते. आपल्याविरुद्ध असा अर्ज येण्याची शंका असेल तर आधीच ‘कॅव्हेट’ दाखल करून ठेवावे. नव्वद दिवसांपर्यंत आपल्याला कळवल्याशिवाय हुकूम होऊ नये यासाठी ती तजवीज आहे.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. हरलेला पक्ष आपणहून देत नसेल तर बजावणीसाठी दरखास्त लावावी लागते, जप्ती व लिलाव मागावा लागतो. त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे, आणि ती पुरेपूर लागलेली उदाहरणे मी पाहिली आहेत.

शेवटी ग्राहक आयोग. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निवाड्याने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि भरपाईची बहुतेक प्रकरणे दिवाणी न्यायालयाकडून तिकडे वळली. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. तेथे तक्रारीची मुदत दोन वर्षे. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर रुग्णाने दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यामुळे आपल्याकडील जवळपास सर्व प्रकरणे तेथेच सुरू होतात. कामकाज संक्षिप्त असते, पुरावा बहुतांशी प्रतिज्ञापत्रावर. दिवाणी न्यायालयातील सवलतींची सवय झालेल्यांनी एक फरक मात्र भिंतीवर लिहून ठेवावा. डॉक्टरचे लेखी उत्तर तीस दिवसांत आणि फार तर आणखी पंधरा दिवसांत, म्हणजे एकूण पंचेचाळीस दिवसांत दाखल व्हायला हवे. त्यापुढे एक दिवसही वाढवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले आहे. दिवस मोजायचे ते तक्रारीची प्रत जोडलेली नोटीस हाती पडल्यापासून. म्हणून असा लिफाफा आला की त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, आत तक्रारीची प्रत आहे की नाही ते त्याच दिवशी पाहावे, आणि मूळ केसपेपर घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे.